शीर बोटाला सापडते

आमच्या मॅडमनी सुरुवातीला सुईला हातच लावू दिला नाही. डीएमएलटीची (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाची) इंटर्नशिप, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात पोस्टिंग, सकाळी तपासणीचं रक्त घ्यायची, म्हणजे कलेक्शनची खिडकी उघडायच्या आत बाकडी भरलेली. आणि आम्ही पोरी काय करतोय, तर दंडाला पट्टा बांधायचा, बोटानं शीर चाचपायची, "मॅडम, इथं आहे" म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. टोचायच्या त्या. मला तर वैताग यायचा. आज नवीन मुली हाताखाली आल्या की मीही त्यांना असंच राबवते.

कोपराच्या खळग्यात मधोमध असते ती शीर म्हणजे मीडियन क्युबिटल. बहुतेकांची ठळक असते, फारशी हलत नाही, दुखतंही कमी. अंगठ्याच्या बाजूला सेफॅलिक, जाड हातात तिचा आधार. करंगळीच्या बाजूची बॅसिलिक दिसायला कितीही छान असली तरी शेवटी बघायची, कारण तिच्या शेजारूनच धमनी आणि मज्जातंतू जातात. एवढं परीक्षेपुरतं पाठ होतं. पण बोटाला नेमकं काय लागायला हवं ते कुठल्याच पानावर लिहिलेलं नव्हतं. शीर दाबली की दबते आणि लगेच बोटाला वर ढकलते, कोवळ्या शेंगेवर बोट ठेवल्यासारखी. कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, ताठ लागते, ढकलत नाही. ठोका लागला तर ती धमनी, तिथून निमूट बाजूला व्हायचं. चाचपायचं ते पहिल्या बोटानं. अंगठ्यानं नाही, कारण अंगठ्याचा स्वतःचाच ठोका जाणवतो. नवख्याला निळ्या रेघा दिसतात आणि तो त्यांच्या मागं लागतो. त्यातल्या बऱ्याचशा वरवरच्या, बारीक. सुई लागली की फुटतात आणि हात काळानिळा होतो. कामाची शीर कित्येकदा दिसतच नाही.

याचा अर्थ मला एका आजींमुळे कळला. शेतात राबून रापलेला हात, कातडी सैल, शीर कुठंच दिसेना. ब्लाउजची घट्ट बाही त्यांनी वर सरकवली होती आणि तिचाच पट्टा झाला होता. मॅडमनी आधी ती बाही खाली करायला लावली, मग चार बोटं वर पट्टा बांधला. आजी सवयीनं मूठ उघडझाप करायला लागल्या, तर "नुसती मूठ धरा, हलवू नका" असं मॅडम म्हणाल्या. मूठ अशी सारखी आवळली की पोटॅशियम खोटं वाढून येतं. पट्टाही मिनिटाच्या वर ठेवायचा नाही. शीर नाही सापडली तर सोडायचा, दम घ्यायचा, पुन्हा बांधायचा. मी डोळे भिंतीकडं केले आणि बोट फिरवलं. खळग्याच्या थोडं आत, खोलवर ती शेंग लागली.

"पोरी, एवढं रगत काढलं तर म्या घरला कशी जाऊ?" आजींनी विचारलं. हा प्रश्न प्रत्येक वॉर्डात येतो आणि तो हसण्यावारी नेऊ नये, कारण घाबरलेल्या माणसाच्या शिरा आणखी आत जातात. पाच मिली म्हणजे चहाचा एक चमचा, अंगात पाचएक लिटर आहे, असं सांगितलं. आजींना काही ते पटलं नाही, पण हात सैल सोडला.

मग सुई. स्पिरिट लावून ते वाळू द्यायचं, फुंकर मारायची नाही. ओलं राहिलं तर झोंबतं आणि रक्तपेशीही फुटतात. डाव्या अंगठ्यानं खालची कातडी ओढून धरली की शीर सरकत नाही. सुईचं तिरपं तोंड वर, कोन पंधरा ते तीस अंशांचा. शिरेत शिरताना हाताला किंचित सुटल्यासारखं वाटतं आणि सुईच्या बुडाशी लाल ठिपका येतो. बिघडतं ते यानंतर. पिस्टन ओढताना सुई धरलेला हातही हलतो आणि टोक शिरेबाहेर पडतं. म्हणून तो हात रुग्णाच्या हातावर टेकवायचा. आणि ओढायचं हळू. जोरात ओढलं की पेशी फुटतात, सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पिवळसर पाणी) लालसर येतं, आणि वरून लॅबचा फोन येतो, "हिमोलाइज्ड आहे, परत पाठवा." पट्टा आधी सोडायचा, सुई नंतर काढायची. कापूस दाबून हात सरळ ठेवायला सांगायचं. सगळी जनता कोपर दुमडून बसते, तेही चुकीचंच.

बल्ब म्हणजे रक्त भरायच्या रंगीत टोपणांच्या नळ्या. त्या कुठल्या क्रमानं भरायच्या हा आमच्याकडं चेष्टेचा विषय होता, कारण मॅडम तो क्रम पाढ्यासारखा म्हणून घ्यायच्या: निळा, लाल, जांभळा, करडा. एकदा वॉर्डातून आलेल्या सॅम्पलचं पोटॅशियम १२ च्या वर आलं, कॅल्शियम पार तळाला. पोटॅशियम खरंच तेवढं असतं तर माणूस जिवंत राहणं कठीण, आणि हा पेशंट कॉटवर बसून चहा पीत होता. कुणीतरी जांभळ्या बल्बातलं रक्त लाल बल्बात ओतलं होतं. जांभळ्यात रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमचं ईडीटीए असतं. ते पोटॅशियम वाढवतं आणि कॅल्शियम बांधून टाकतं. त्या दिवसापासून चेष्टा बंद झाली. निळा बल्ब मात्र रेघेपर्यंत भरलाच पाहिजे. त्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (हेही रक्त गोठू न देणारं) असं प्रमाण असतं, कमी भरला तर पीटीचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा, रिपोर्ट चुकतो.

नाव विचारायची पद्धतही शिकावी लागते. "तुम्हीच शांताबाई ना?" असं विचारलं की गर्दीत, कमी ऐकू येणारं कुणीही मान हलवतं. "तुमचं नाव सांगा" म्हणायचं, केसपेपरशी जुळवायचं आणि लेबल तिथंच, त्यांच्यासमोर लावायचं.

सुईला टोपण परत लावायचं नाही, कटरनं कापून पांढऱ्या डब्यात. सिरिंज आणि ग्लोव्ह्ज लाल पिशवीत, कापूस पिवळ्या. हिपॅटायटिस बीचे तीन डोस कामाला लागायच्या आधीच घेऊन ठेवावेत. पट्टे मात्र नेहमी कमी पडायचे आणि आम्ही ग्लोव्ह बांधून वेळ मारून न्यायचो. हे बरोबर नाही, पण होतं असं.

पावसाळ्यात डेंग्यूचा वॉर्ड भरला की सगळं शिक्षण पणाला लागतं. प्लेटलेट्ससाठी रोज टोचणं, एका हाताला सलाईन. त्या हातातून सॅम्पल घ्यायचं नाही, सलाईन मिसळून सगळे आकडे बिघडतात. दुसरा हात आधीच टोचून टोचून काळा. दोन प्रिकमध्ये नाही मिळालं तर दुसऱ्याला बोलवायचं, हा आमच्याकडचा नियम. रात्रपाळीला एकटी असले तर मी आधी पेशंटला पाणी पाजते (पाण्यावर बंदी नसेल तर, उपाशीपोटीच्या तपासणीलाही साधं पाणी चालतं), हात कॉटखाली सोडायला लावते, कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल ठेवते. मग पालथ्या हातावर बघते, तेवीस नंबरची स्काल्प व्हेन, म्हणजे पंख आणि नळी असलेली बारीक सुई घेऊन. तिथल्या शिरा सरकतात, म्हणून मूठ खाली वळवून कातडी ताणून धरायची आणि सुई जवळजवळ आडवी न्यायची.