अन्न शिजल्यानंतर लागणारा हात

अन्नातून होणाऱ्या आजारांचा विषय निघाला की बहुतेकांचे उत्तर तयार असते: नीट शिजवले की जंतू मरतात, मग भीती कसली? हे उत्तर खोटे नाही, पण ते अपुरे आहे. आच लागते ती भांड्यातल्या अन्नाला. भांडे उतरवल्यानंतर त्यात चव पाहण्यासाठी गेलेले बोट, वरून भुरभुरलेली चिरलेली पाने, सोललेले फळ, वाढणाऱ्याचा हात यांपैकी कशालाही ती लागत नाही, आणि अन्न दूषित होण्याचे बरेच प्रसंग नेमके याच टप्प्यावर घडतात. म्हणून हात धुण्याकडे टापटिपीची सवय म्हणून पाहणे मला पुरेसे वाटत नाही. शिजवण्याइतकीच ती स्वयंपाकाची एक क्रिया आहे आणि तिचीही ठरावीक वेळ असते.

या म्हणण्याला आधार देणारे सर्वांत बोलके उदाहरण शंभर वर्षांहून जुने आहे. १९०६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या ऑयस्टर बे येथे भाड्याने घेतलेल्या एका घरातील ११ जणांपैकी ६ जणांना टायफॉइड झाला. जॉर्ज सोपर या स्वच्छता अभियंत्याने पाणी, दूध आणि इतर सर्व शक्यता तपासल्या आणि शेवटी तो स्वयंपाकीण मेरी मॅलन हिच्यापर्यंत पोहोचला. ती स्वतः धडधाकट होती, पण तिच्या शरीरात टायफॉइडचे जंतू होते आणि शौचावाटे ते बाहेर पडत होते. सोपरला सुरुवातीला अडचण पडली ती अशी, की तिने रांधलेले गरम पदार्थ तर जंतू मारण्याइतके तापलेले असत. त्याचे उत्तर त्याला आइस्क्रीममध्ये सापडले: त्यात ताजी पीच फळे कच्चीच चिरून घातलेली असत आणि हातावरचे जंतू मारणारी कोणतीही पायरी त्यानंतर नव्हती. मेरीला पुढे सक्तीने एका बेटावर ठेवण्यात आले, १९१० मध्ये पुन्हा स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडण्यात आले, आणि १९१५ मध्ये ती नाव बदलून एका प्रसूतिरुग्णालयात स्वयंपाक करताना सापडली. तेथे २५ जणांना टायफॉइड झाला होता. तिच्या बाबतीत समाजाने किती न्याय केला हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे, पण निरोगी वाटणाऱ्या माणसाच्या हातूनही आजार पोहोचू शकतो, हे त्या प्रकरणातून जगासमोर आले.

काही बाबतींत तर अन्न पुन्हा गरम करूनही उपयोग होत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू निरोगी माणसांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांच्या नाकात सहज आढळतो. नाकाला हात लागतो, तोच हात तयार अन्नाला लागतो, आणि ते अन्न काही तास उबदार जागी राहिले की जिवाणू त्यात वाढून विष तयार करतात. उकळल्यावर जिवाणू मरतो, परंतु ते विष टिकून राहते, आणि खाणाऱ्याला काही तासांतच उलट्या सुरू होतात. बोटावर पिकलेली जखम असताना स्वयंपाक टाळावा, आणि ते शक्यच नसेल तर जखम पाणी न शिरणाऱ्या पट्टीने झाकून वर हातमोजा घालावा, हा नियम याच कारणासाठी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार लोक दगावतात. त्यांपैकी सुमारे १ लाख २५ हजार मृत्यू पाच वर्षांखालील मुलांचे असतात. हे सगळे हातांमुळे होते असे नाही, कारण त्यात दूषित पाणी आहे, शेतातील आणि साठवणुकीतील दोषही आहेत. पण ज्या कारणांवर सामान्य माणसाचा पूर्ण ताबा आहे अशी फारच थोडी असतात, आणि हात हे त्यांतले एक आहे.

हात कधी धुवायचे, हा प्रश्न मला किती वेळा धुवायचे यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. शौचालयातून आल्यावर आणि लहान मुलाची स्वच्छता केल्यावर धुवायचे, हे सर्वांना ठाऊक असते. विसर पडतो तो स्वयंपाक चालू असतानाच्या क्षणांचा. अमेरिकेच्या कृषी विभागाने २०१८ मध्ये एका निरीक्षणाचे निष्कर्ष जाहीर केले. त्यात लोकांना प्रत्यक्ष स्वयंपाकघरात कच्च्या मांसाचा पदार्थ करायला दिला होता आणि त्या मांसात निरुपद्रवी विषाणू मिसळून त्याचा माग काढण्यात आला होता. हात धुणे आवश्यक होते अशा प्रसंगांपैकी ९७ टक्के प्रसंगी ते योग्य रीतीने धुतले गेले नाहीत, आणि मसाल्याच्या डब्यांवर तो विषाणू ४८ टक्के वेळा पोहोचला. मला या अभ्यासातील डब्यांचा तपशील फार मोलाचा वाटतो, कारण कच्चे मांस हाताळलेल्या हाताने उघडलेला डबा नंतर कोणी धूत नाही. तो तसाच फळीवर जातो आणि पुढच्या वेळी स्वच्छ हातांना जंतू परत देतो. नळाची तोटी, फ्रिजची मूठ आणि मोबाइल यांचेही तसेच आहे. म्हणून कच्चे मांस, मासे किंवा अंडी हाताळल्यावर दुसऱ्या कोणत्याही वस्तूला हात लावण्यापूर्वी ते धुवावेत, आणि लागणारा मसाला आधीच वाटीत काढून ठेवावा. माती लागलेल्या भाज्या निवडल्यावर, कचऱ्याच्या डब्याला स्पर्श झाल्यावर, शिंकल्यावर आणि पाळीव प्राण्याला कुरवाळल्यावरही तेच. पीठ मात्र अनेकांच्या यादीत नसते. कच्चे पीठ जंतुविरहित नसते आणि त्यातून ई. कोलाय या जिवाणूमुळे होणाऱ्या आजाराचे उद्रेक झालेले आहेत.

आता धुण्याच्या रीतीविषयी. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते आणि दुसरे तेलकट पदार्थाकडे, त्यामुळे त्वचेवरील चिकट थर आणि त्यात अडकलेले जंतू सुटे होऊन पाण्याबरोबर वाहून जातात. काही विषाणूंचे चरबीयुक्त आवरण साबणाने फुटतेही, परंतु अन्नातून पसरून उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूला आणि काविळीच्या ‘अ’ विषाणूला असे आवरणच नसते. त्यांना मारण्याची नव्हे, हातावरून हलवून वाहून नेण्याची गरज असते, आणि ते काम चोळण्याने होते. किमान २० सेकंद चोळायला सांगतात ते यासाठीच; बोटे नुसती नळाखाली धरून हे साधत नाही. तळहात आपोआप घासले जातात. राहून जातात ते अंगठे, बोटांची टोके, बोटांच्या बेचक्या आणि हाताची मागची बाजू. आणि अन्नाला सर्वांत आधी लागतात ती बोटांची टोके. हातावरच्या जंतूंचा मोठा साठा नखांखाली असतो, म्हणून स्वयंपाक करणाऱ्याची नखे आखूड असावीत आणि अंगठ्या काढून ठेवलेल्या असाव्यात, असे माझे आग्रहाचे मत आहे.

पाणी गरमच हवे ही समजूत सोडून द्यावी, कारण जंतू मारण्याइतके गरम पाणी हात सोसू शकणार नाहीत. जंतुनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या साबणांचीही गरज नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसनसह १९ घटक अशा साबणांतून वगळण्याचा निर्णय घेतला, कारण ते साध्या साबण-पाण्यापेक्षा सरस असल्याचे उत्पादकांना सिद्ध करता आले नव्हते.

हात कोरडे करणे ही धुण्याचीच शेवटची पायरी आहे. ओल्या त्वचेवरून जंतू कोरड्या त्वचेपेक्षा कितीतरी सहज दुसरीकडे जातात. ओटा पुसण्याच्या फडक्याला हात पुसले तर धुणे फुकट गेले असे समजावे. हातांसाठी वेगळा, रोज बदलला जाणारा रुमाल असावा.

सॅनिटायझर स्वयंपाकघरात साबणाची जागा घेऊ शकत नाही. तेलकट किंवा मळलेल्या हातांवर त्याचा परिणाम कमी होतो, आणि नोरोव्हायरसवर तर अल्कोहोल फारसे चालत नाही. हातमोज्यांचेही तसेच: मोजा घातलेला हात कच्च्या मांसावरून तयार अन्नाकडे गेला, तर तोही उघड्या हाताइतकाच जंतू नेतो, आणि घालणाऱ्याला मात्र आपण सुरक्षित असल्याचा भास होतो.

राहता राहिला आजारी माणसाचा प्रश्न. ज्याला जुलाब किंवा उलट्या होत आहेत त्याने दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नये, आणि त्रास थांबल्यावरही निदान ४८ तास थांबावे, कारण नोरोव्हायरस बरे वाटू लागल्यानंतरही शौचावाटे बाहेर पडत राहतो आणि त्याचे मोजके कण आजारासाठी पुरतात. ‘अ’ प्रकारच्या काविळीत डोळे पिवळे दिसण्याच्या एक-दोन आठवडे आधीच माणूस सर्वाधिक संसर्ग पसरवत असतो, म्हणजे त्याला स्वतःला काही कल्पना असण्यापूर्वीच. त्यामुळे ‘मला काही झालेले नाही’ हे हात न धुण्याचे कारण म्हणून मी स्वीकारत नाही, मग सांगणारा माणूस कितीही जवळचा असो.