टाकी फुल्ल, काटा अर्ध्यावर : फ्युएल गेजचं काम कुठवर आलंय

टाकी काठोकाठ भरली तरी काटा अर्ध्याच्या वर सरकत नाही, आणि पाव टाकीच्या आसपास आला की मधेच धपकन रिकाम्यावर पडून परत उठतो. टेंपरेचरचा काटा मात्र व्यवस्थित, म्हणजे डॅशमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर संशयितांच्या यादीतून बाद, कारण दोन्ही गेजना सप्लाय तिथूनच जातो, तो बिघडला असता तर दोघंही बोंबलले असते.

मग सेंडरची (टाकीतलं युनिट, फ्लोट वरखाली झाला की त्याचा रेझिस्टन्स बदलतो आणि त्यावर काटा हलतो) वायर काढून बॉडीला घट्ट लावली आणि नंतरच इग्निशन ऑन केलं, टाकीजवळ ठिणगी नकोच. काटा सावकाश चढत फुल्लवर गेला, लगेच बंद केलं, बायमेटल गेज (आतली पट्टी तापून वाकते तसा काटा हलतो) उगाच तापवायचं नसतं. म्हणजे गेज आणि वायर दोन्ही ठीक. (जनरल मोटर्सच्या जुन्या ०-९० ओहमवाल्या गाड्यांत उलटं असतं, वायर अर्थ केली, म्हणजे बॉडीला लावली, की काटा रिकाम्यावर जातो, तेव्हा आपलं सेंडर कुठलं ते आधी बघा.)

माझं सेंडर रिकाम्याला ७३, फुल्लला १० ओहमचं. टाकी भरलेली असताना टर्मिनल ते सेंडरची स्वतःची प्लेट मोजलं तर १२ आणि टर्मिनल ते चासी मोजलं तर ३५च्या वर, शिवाय अर्थची पट्टी हलवली की आकडा नाचतो! चोर सापडला. बोल्टाखाली गंज आणि त्यावर कोणीतरी मारलेला रंग, तो घासून धातू उघडा केला, पट्टी नवी टाकली, काटा जवळजवळ फुल्लवर. लोक आधी सेंडरच मागवतात, माझ्या मते अर्थ तपासल्याशिवाय खिशात हातच घालू नये.

पावाजवळची उडी राहिलीच होती, म्हणून टाकी रिकामी होऊ दिली, बॅटरी काढली, लॉक रिंग पितळी पंचने ठोकून फिरवली आणि सेंडर बाहेर काढलं. फ्लोट कानाशी हलवून पाहिला, आत पेट्रोल डुचमळत नाही, तो चांगला आहे. आर्म हळूहळू फिरवत काट्याचा मल्टीमीटर लावला (डिजिटलवर इतका बारीक झटका निसटतो), तर एका जागी सर्किट तुटतंय, तिथली बारीक तार घासून चपटी झालीये. काँटॅक्ट क्लीनर मारून वायपरची, म्हणजे तारेवर घासत फिरणारी पत्ती किंचित दाबली, आता तुटत नाही, पण हे किती टिकेल देव जाणे.

नवीन सील आलं की बसवतो, मग मोजून पाच-पाच लिटर ओतत काटा कुठे येतो ते लिहून ठेवणार.