टेराकोटाची फुलं कागदावर उतरवताना : माझा अनुभव

टेराकोटा, म्हणजे भाजलेली माती, गुलाबी नसतो. विटेचा, कौलाचा, कुंडीचा जो रंग तोच त्याचा. एवढी साधी गोष्ट एका प्रिंट लॅबला पटवण्यात माझे सात आठवडे गेले. आजही आठवलं की डोकं तापतं.

मी फुलं घडवते. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकताना रोज सीएसएमटीला उतरायचे आणि तिथल्या दगडातली पानंफुलं बघत रेंगाळायचे. ते कोरीवकाम 1880च्या दशकात जे. जे.च्याच विद्यार्थ्यांनी केलेलं, हे कळल्यावर तर फुलांचा नाद सुटलाच नाही. माझी फुलं भिंतीवर लावायची, उठावातली. एकेक बारा-तेरा किलोचं. लोकांना आवडतात, पण फ्लॅटच्या भिंतीला झेपत नाहीत आणि कुरियरमध्ये पाकळ्या तुटतात. म्हणून पाच फुलांच्या प्रिंट्स काढायचं ठरवलं, प्रत्येकी 15 प्रती.

फोटो एका दिवसात झाले. प्रकाश मात्र तुम्ही स्वतः ठरवा, फोटोग्राफरवर सोडू नका. शिल्पासमोरून माणूस चालतो तशी सावली हलते. प्रिंटमध्ये एकच सावली कायमची बसते. मी दिवा एका बाजूला, पाकळीच्या कडेइतका खाली ठेवायला लावला. त्यामुळे सोनचाफ्याच्या पाकळीवर ओल्या मातीत उमटलेला माझा अंगठा रेघान् रेघ दिसत होता.

मग लॅब. चौरस मीटरला 308 ग्रॅमचा सुती मॅट (चमक नसलेला) कागद निवडला, पहिलं प्रूफ, म्हणजे चाचणीची प्रिंट, हातात आलं आणि पोटात गोळाच आला. सोनचाफा गुलाबी.

"मॅडम, आमच्या स्क्रीनवर बरोबर दिसतंय."

दुसऱ्या वेळी त्यांनी रंग फिका केला. गुलाबी कमी झाला, पण अंगठाही गेला. तिसऱ्या वेळी दोष कागदाचा ठरला. कागद बदलला, तरी गुलाबी तो गुलाबीच. प्रत्येक प्रूफचे पैसे वेगळे, शिवाय डोंबिवलीहून खेप. चौथ्या वेळी मी त्याच भट्टीत भाजलेला मातीचा तुकडा रुमालात गुंडाळून स्टीलच्या डब्यातून नेला आणि प्रूफवर ठेवला. ट्यूबच्या उजेडात ते म्हणाले, "जवळजवळ सेमच आहे." मी दोन्ही उचलून जिन्यातल्या खिडकीशी गेले, त्यांनाही बोलावलं. दिवसाच्या उजेडात फरक आंधळ्यालाही कळला असता. त्यावर उत्तर आलं, "मग तुमची फाइलच तशी असेल."

फाइल तशी नव्हती. मुद्राचित्रण (प्रिंटमेकिंग) शिकलेल्या माझ्या जुन्या वर्गमैत्रिणीने फोनवर एकच प्रश्न विचारला : "रंग कोण सांभाळतंय, सॉफ्टवेअर की प्रिंटरचा ड्रायव्हर?" मी लॅबमध्ये विचारलं. दोन्ही! सॉफ्टवेअर कागदाच्या प्रोफाइलप्रमाणे (त्या कागदावर रंग कसा उमटतो याची नोंद असलेली फाइल) रंग बदलून देत होतं आणि ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरमधला प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, त्या बदललेल्या रंगांना पुन्हा आपल्या हिशोबाने बदलत होता. एकाच रंगावर दोनदा दुरुस्ती, म्हणून सगळं मॅजेंटाकडे, गडद गुलाबीकडे झुकलेलं. ड्रायव्हरमधलं कलर मॅनेजमेंट बंद केलं. एक क्लिक. त्यासाठी सात आठवडे!

पाचव्या प्रूफवर तुकडा ठेवला तेव्हा त्याची कड शोधावी लागली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

तेव्हा हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. आणि खरा तुकडा न्याच, मोबाइलमधला फोटो दाखवून उपयोग नाही. हो, एक राहिलं : मॅट कागदावर काळा रंग चकचकीत कागदाइतका खोल जात नाही. माझ्या कृष्णकमळाच्या मधल्या सावल्या त्यात बुजल्या होत्या, त्या फाइलमध्येच थोड्या उजळाव्या लागल्या. घरच्या स्क्रीनचा उजेडही कमी करून बघा. भगभगीत स्क्रीनवर ठीक वाटलेलं कागदावर काळोखं येतं. पूर्ण आकाराची प्रिंट काढण्याआधी पाकळीचाच एक पट्टा खऱ्या मापात छापून घ्या, खूप पैसे वाचतात. प्रतीचा आकडा (पंधरापैकी कितवी) आणि सही पेन्सिलीने करा.

चार वाया गेलेल्या प्रूफचे पैसे मी मागितले, मिळाले नाहीत. कर्दळ अजून छापायची आहे. तिच्या फाइलबरोबर मी एक कागद जोडलाय : प्रोफाइलचं नाव, आणि खाली मोठ्या अक्षरांत "ड्रायव्हरचं कलर मॅनेजमेंट बंद". मातीचा तुकडा डब्यातच आहे.