शंभरातले ते चाळीस जण

‘आतड्याच्या कॅन्सरमध्ये पाच वर्षं जगण्याचं प्रमाण किती गं?’ हा प्रश्न मला नात्यातून, मैत्रिणींकडून, कधी त्यांच्याही ओळखीतून येतो, कारण मी कॅन्सर रजिस्ट्रीत, म्हणजे कॅन्सरच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवणाऱ्या संस्थेत, संख्याशास्त्राचं काम करते. विचारणाऱ्याने तोवर अमेरिकेचे आकडे पाहिलेले असतात. गाठ आतड्यापुरती असेल तर नव्वद टक्क्यांच्या आसपास, यकृतात किंवा फुप्फुसात पसरली असेल तर पंधराच्या आसपास. आता त्याला आपल्याकडचा आकडा हवा असतो. आकडा देता येतो, पण तो कसा तयार झाला हे न सांगता तो कुणाच्या हाती ठेवणं मला पटत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे इस्पितळाचा आकडा आणि रजिस्ट्रीचा आकडा वेगळा. मोठ्या कॅन्सर इस्पितळात येतात ते प्रवास झेपणारे, पैशांची काहीतरी सोय झालेले आणि बरेचदा तरुण. टाटा मेमोरियलच्या एका पाहणीत आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांचं सरासरी वय पन्नाशीच्याही आत होतं. लोकसंख्येवर आधारलेल्या रजिस्ट्रीत मात्र त्या भागात राहणारा प्रत्येक रुग्ण यायला हवा. तालुक्याच्या दवाखान्यात निदान होऊन घरी परतलेली आजीसुद्धा त्यात हवी, आणि उपचार न घेतलेला माणूससुद्धा. रहिवासी कुणाला म्हणायचं याचाही नियम आहे: किमान एक वर्ष त्या भागात राहिलेला. रत्नागिरीहून उपचारासाठी परळला येऊन राहिलेला माणूस मुंबईच्या रजिस्ट्रीत मोजला जात नाही.

मुंबईची रजिस्ट्री इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली सुरू केली, देशातली ती पहिली. पण माझ्या मनात जास्त आदर आहे तो बार्शीच्या रजिस्ट्रीबद्दल. १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावं घेऊन ती सुरू झाली. देशातली पहिली ग्रामीण रजिस्ट्री! इस्पितळातल्या नोंदी गोळा करून खेड्यातली मोजणी पुरी होत नाही, कारण रुग्ण इस्पितळापर्यंत पोचतोच असं नाही. म्हणून माणसं गावोगाव गेली, लोकांशी बोलली, लक्षणं समजावली, आजारी माणसांची चौकशी केली.

आता हिशोबाकडे येते. समजा, एका वर्षात आतड्याच्या कॅन्सरचे शंभर रुग्ण नोंदले गेले. पाच वर्षांनी कळलं की ३८ वारले आणि २२ हयात आहेत. उरलेल्या ४० जणांचा पत्ताच नाही. हे चाळीस जिवंत धरले तर जगण्याचं प्रमाण ६२ टक्के. सगळे गेले असं धरलं तर २२. त्यांना वगळून उरलेल्या साठांवर हिशोब केला तर ३७. रुग्ण तेच, आजार तोच.

डेन्मार्कमध्ये हा प्रश्न जवळजवळ येतच नाही. तिथे १९६८पासून प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक आहे, कॅन्सरची नोंद आणि मृत्यूची नोंद त्याच क्रमांकावर जुळते. मृत्यूच्या यादीत नाव नाही म्हणजे माणूस हयात, असं तिथे बिनधास्त म्हणता येतं. आपल्याकडे असं म्हटलं की आकडा फुगतो. १९६९च्या कायद्याप्रमाणे मृत्यू जिथे घडला तिथेच त्याची नोंद होते. लालबागचा रुग्ण शेवटचे दिवस काढायला संगमेश्वरला गेला तर त्याचा मृत्यू तिथल्या ग्रामपंचायतीच्या वहीत जातो. महापालिकेच्या मृत्यूनोंदींत शोधणाऱ्याच्या लेखी तो पुढेही हयातच राहतो.

शिवाय नावं. इस्पितळाच्या कागदावर कोंडाबाई, आधार कार्डावर कौंडाबाई, गल्लीत मोठी आई. वयाच्या रकान्यात ‘अंदाजे ६०’. पत्त्यात चाळीचं नाव, आणि त्या जागी आता टॉवर उभा. फोन नंबर मुलाचा, तोही बदललेला. असे रकाने एक्सेलमध्ये एकाखाली एक लागले की सॉफ्टवेअर ते सगळे आपोआप जुळवू शकत नाही. शेवटी कुणीतरी दारात जावं लागतं.

मी कधीकधी फील्डच्या सहकाऱ्यांबरोबर जाते. दारात ‘कॅन्सर’ हा शब्द ते उच्चारत नाहीत. घरच्यांनी आजार रुग्णापासून लपवलेला असू शकतो, किंवा सुनेच्या माहेरी कळू दिलेला नसतो. ‘दवाखान्यातून आलोय, तब्येत कशी आहे दादांची?’ एवढंच विचारतात आणि थांबतात. एका गावात ज्यांच्या नावापुढे आम्ही वर्षानुवर्षं ‘संपर्क नाही’ लिहीत होतो, ते गृहस्थ ट्रॅक्टर दुरुस्त करताना भेटले. गुदाशयाचं ऑपरेशन झालेलं, पोटावर पिशवी, आणि तब्येत ठणठणीत. दवाखान्यात का नाही आलात, तर म्हणाले, ‘बरं वाटतंय की! मग कशाला भाडं घालवायचं?’ त्याच दौऱ्यात दुसऱ्या एका घराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं की बाई कधीच्याच गेल्या, माणसं ऊसतोडीला गेलीत. ग्रामसेवकांनी वही काढून दिली. तारीख मिळाली. कारणाच्या रकान्यात ‘पोटाचा आजार’. शेवटच्या तपासणीनंतर त्या दोन महिनेही जगल्या नव्हत्या.

हे दोघंही आमच्या संगणकात ‘संपर्क नाही’ या एकाच शेऱ्याने नोंदलेले होते. जगण्याचं प्रमाण काढायला १९५८ साली कॅप्लन आणि मायर या संख्याशास्त्रज्ञांनी मांडलेली पद्धत जगभर वापरतात. तिच्यात माणूस शेवटचा दिसला त्या दिवसापर्यंत हिशोबात धरतात, मग बाजूला काढतात. पद्धत उत्तम आहे, पण तिच्या पोटात एक गृहीतक आहे: संपर्काबाहेर गेलेल्यांचं पुढे तेच झालं जे संपर्कात राहिलेल्यांचं झालं. बरे झालेले दवाखान्यात येणं सोडतात आणि खचलेलेही सोडतात. कुठल्या भागात कुणाचं पारडं जड आहे हे टेबलाशी बसून ठरवता येत नाही. म्हणूनच फील्डवर जाणाऱ्यांचा पगार आणि गाडीभाडं मला खर्च वाटत नाही. आकड्याचा खरेपणा त्यातूनच येतो, आणि कात्री लागते तेव्हा पहिली त्यालाच लागते, याचं मला फार वाईट वाटतं.

चकवणारी आणखीही एक गोष्ट आहे. काही रुग्णांची माहिती रजिस्ट्रीला मिळते तीच मुळी मृत्यू दाखल्यावरून. निदान कधी झालं ते ठाऊक नसतं, म्हणून जगण्याच्या हिशोबातून त्यांना वगळतात. हे बहुधा झटपट गेलेले रुग्ण. ते गळले की उरलेल्यांचं प्रमाण आपोआप चांगलं दिसतं.

वृद्ध रुग्ण दुसऱ्या कारणानेही जातात. सत्तरीचा माणूस हृदयविकारानेही जाऊ शकतो. म्हणून रुग्णांचं जगणं त्याच वयाच्या, त्याच भागातल्या सर्वसाधारण लोकांच्या जगण्याशी ताडून पाहतात. रुग्णांपैकी ४० टक्के पाच वर्षं जगले आणि सर्वसाधारण लोकांपैकी ८० टक्के जगले असते, तर सापेक्ष प्रमाण ५० टक्के. यात दाखल्यावरचं मृत्यूचं कारण लागत नाही, आणि ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ असं लिहिलेले दाखले पाहणाऱ्या मला तो मोठाच दिलासा आहे.

घड्याळ कधी सुरू होतं हेही महत्त्वाचं. ते निदानाच्या तारखेपासून सुरू होतं. शौचातून रक्त जायला लागल्यापासून मूळव्याध समजून घालवलेले महिने त्यात येत नाहीत. ते दिसतात निदानाच्या वेळच्या टप्प्यात, म्हणजे तोवर आजार किती पसरला होता त्यात, आणि आपल्याकडे टप्प्याची नोंद अनेकदा अपुरी असते. दुसरीकडे, जिथे कोलोनोस्कोपीने, म्हणजे दुर्बिणीने आतडं आतून पाहून, तपासणी होते तिथे निदान लवकर होतं, म्हणून मृत्यू लांबला नसला तरी जगण्याची वर्षं वाढलेली दिसतात. आणि आतड्यातले पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावरच्या छोट्या गाठी, वेळीच काढले तर कॅन्सर होण्याआधीच थांबतो. तो माणूस वाचला, पण जगण्याच्या टक्केवारीत तो कुठेच नाही, कारण तो रुग्ण झालाच नाही. त्यामुळे एखाद्या देशाचं काम पाहायचं तर जगण्याच्या प्रमाणाशेजारी नव्या रुग्णांचा आणि मृत्यूंचा दर ठेवूनच पाहावं.

२०१० साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आशिया, आफ्रिका, कॅरिबियन आणि मध्य अमेरिकेतल्या १२ देशांच्या २५ रजिस्ट्र्यांचा अभ्यास आला. मुंबई आणि बार्शी दोन्ही त्यात आहेत. चीन, सिंगापूर, दक्षिण कोरिया, तुर्की इथे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं पाच वर्षांचं सापेक्ष प्रमाण ४४ ते ६० टक्के. गांबियात कुठल्याच कॅन्सरचं २२ टक्क्यांवर नाही. एवढा फरक केवळ हिशोबाच्या पद्धतीने पडत नाही. निदान, सर्जरी, औषधं वेळेवर मिळतात की नाही, हेच त्यात दिसतं. मुंबई आणि बार्शीचे आकडे अशा तक्त्यात बसू शकले, ते दारोदार गेलेल्या माणसांमुळे.

तर यापुढे कुणी तुम्हाला जगण्याची टक्केवारी सांगितली, तर आधी अहवालात तीन रकाने शोधा: पाच वर्षांनी किती टक्के रुग्णांचा ठावठिकाणा लागला, किती नोंदी फक्त मृत्यू दाखल्यावरून आल्या, आणि किती रुग्णांचं निदान बायोप्सीने, म्हणजे गाठीचा तुकडा तपासून, पक्कं झालं. आणि घरात कुणाला हा आजार असेल तर नाव नोंदवताना स्वतःच्या नंबरसोबत गावाकडच्या एखाद्या माणसाचाही नंबर द्या. नंबर बदलला तर कळवा. रजिस्ट्रीतून फोन आला तर फोन ठेवून देऊ नका, जे काही असेल ते तारखेसह सांगा.