परदेशातल्या नर्सिंगच्या ऑफरचा हिशोब: गोव्यातून निघण्याआधी मी काय ताडून पाहिलं

एजंटाच्या कागदावर पगाराचा आकडा ठळक असतो. तो मूळ पगार आहे की भत्ते धरून, कपातीआधीचा की हातात पडणारा, आठवड्याच्या किती तासांचा, हे मात्र बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. म्हणून मी प्रत्येक ऑफरला एका वहीत तेच चार रकाने लावले: महिन्याला हातात किती, त्यासाठी तास किती, घर-जेवण-प्रवास वजा जाता उरतं किती, आणि तिथली नोंदणी मिळेपर्यंत पगार किती. पहिली ओळ इथल्या नोकरीची. ती लिहिल्याशिवाय बाकीच्या ओळींना अर्थ नाही.

ही पहिली ओळ कुठे नोकरी करता त्यावर पार बदलते. सातव्या वेतन आयोगात केंद्राच्या नर्सिंग ऑफिसरचा स्तर 7, सुरुवातीचं मूळ वेतन 44,900 रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि नर्सिंग भत्ता. गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा जिल्हा रुग्णालयात कायम असलेल्या नर्सने आपल्या पगारपत्रकात पेन्शनचा सरकारी वाटा, भरपगारी रजा आणि सुटणारी ज्येष्ठता यांचीही किंमत लावावी. खासगी नर्सिंग होममधल्या मुलीचं गणित वेगळं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निकालानंतर नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही किमान 20,000 रुपये पगार असावा आणि 200 पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका असावा, असं सुचवलं होतं. आपल्याला त्यातलं किती मिळतं ते ज्याचं त्याला ठाऊक. सरकारी नोकरीतल्या मैत्रिणीला न परवडणारी ऑफर खासगीतल्या मुलीला फायद्याची ठरते ती यामुळेच. दुसरीचा हिशोब उसना घेऊ नये.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचा, म्हणजे एनएचएसचा, पगार उघड तक्त्यात असतो, त्यामुळे तो मांडायला सोपा. नवीन नर्स बँड 5 या वेतनश्रेणीवर लागते. 2025-26 साठी तो वर्षाला 31,049 ते 37,796 पौंड आहे. पहिल्या पायरीवर हातात काय येतं? पेन्शनची कपात 8.3 टक्के, म्हणजे सुमारे 2,577. वर्षाचे पहिले 12,570 पौंड करमुक्त. पेन्शन वजा करून त्यावरच्या रकमेवर 20 टक्के आयकर, सुमारे 3,180. नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्याची कपात) 8 टक्के, पण तो पेन्शन वजा न करता मोजतात, सुमारे 1,478. उरतात 23,814, म्हणजे महिन्याला 1,985 च्या आसपास. जाहिरातीतल्या आकड्याला 12 ने भागून कोणी 2,587 सांगत असेल तर या सहाशे पौंडांचं काय, ते त्यालाच विचारावं.

आठवडा साडेसदतीस तासांचा. लाँग डे बारा तासांचा असला तरी अर्ध्या तासाच्या ब्रेकचे पैसे बहुधा मिळत नाहीत, त्यामुळे ड्युटी साडेअकरा तासांची धरतात आणि चार आठवड्यांत साधारण 13 ड्युट्या येतात. बँड 5 ला शनिवारी आणि रात्री 8 ते सकाळी 6 या वेळेत 30 टक्के जादा, रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला 60 टक्के. तासाचा मूळ दर 15.88 पौंड, म्हणजे रात्रीच्या तासाला सुमारे पावणेपाच पौंड अधिक. नाइट शिफ्टचे निम्म्याहून जास्त तास त्या वेळेत पडले की पूर्ण शिफ्टला जादा दर लागतो. मी मात्र हा पैसा हिशोबात धरला नाही. रोटा, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, आपल्या हातात नसतो, आणि काही वॉर्डांत नव्यांना पहिले काही महिने नाइट लावत नाहीत.

सगळ्यात जास्त फसवतो तो नोंदणीआधीचा काळ. तिथल्या नर्सिंग परिषदेचा, म्हणजे एनएमसीचा, पिन (नोंदणी क्रमांक) मिळेपर्यंत बँड 3 किंवा 4 चा पगार मिळतो. 2025-26 मध्ये बँड 3 ची सुरुवात 24,937 पौंड. व्हिसाच्या नियमानुसार ओस्की या प्रात्यक्षिक परीक्षेचा पहिला प्रयत्न नोकरी सुरू झाल्यापासून सुमारे तीन महिन्यांत, आणि नोंदणी आठ महिन्यांत व्हायला हवी. सीबीटी या संगणकावरच्या परीक्षेला 83, अर्जाला 140, ओस्कीला 794 आणि नोंदणीला 153 पौंड. ओस्कीच्या काही स्टेशनांतच (टप्प्यांतच) नापास झालं तर अर्धी परीक्षा 397 ला पुन्हा देता येते. यातलं काय रुग्णालय भरतं, पुनर्परीक्षेचे पैसे कोण देतं आणि पिन आल्यावर बँड 5 चा फरक मागच्या तारखेपासून मिळतो का, हे तीन प्रश्न मी ईमेलने विचारले. फोनवर सगळं 'हो मॅडम' असतं.

ऑफर एनएचएसची आहे की खासगी केअर होमची, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषागृहाची, हे आधी पाहावं. केअर होमला बँडचा तक्ता लागू नसतो, एनएचएसची पेन्शन सहसा नसते, आणि आजारी पडल्यावर पुष्कळ ठिकाणी फक्त कायद्याने बांधलेला भत्ता, 2025-26 मध्ये आठवड्याला 118.75 पौंड. एनएचएसमध्ये पहिल्याच वर्षी एक महिना पूर्ण आणि दोन महिने अर्धा पगार मिळतो. वर रजा 27 दिवस आणि 8 सार्वजनिक सुट्ट्या. केअर होमचा तासाचा दर थोडा जास्त दिसतो तो या सगळ्याच्या बदल्यात. लंडनच्या आतल्या भागात पगाराच्या 20 टक्के जादा भत्ता आहे, पण खोलीचं भाडं तो गिळतं. मी लंडन यादीतूनच काढलं.

आता आखात. तिथे आयकर नाही, राहायला जागा आणि तिकीट बहुतेक ऑफरमध्ये असतं, त्यामुळे उरलेल्या पैशांचा रकाना चांगला दिसतो. नमुन्याला सौदीची 5,000 रियालची ऑफर घ्या. जेवण-फोन वजा जाता 4,100 उरले, तर 23 रुपयांच्या दराने सुमारे 94,000. इंग्लंडच्या 1,985 पौंडांतून लहान शहरातल्या खोलीचे बिलांसह 650, जेवणाचे 250, प्रवासाचे आणि किरकोळ 135 वजा केले तर 950 उरतात; 115 च्या दराने सुमारे 1,09,000. दोन्ही जवळजवळ सारखे वाटतात, पण सौदीत आठवडा 48 तासांपर्यंतचा, म्हणजे महिन्याला 208 तास, इंग्लंडमध्ये एकशे साडेबासष्ट. त्याच शिलकीसाठी 45 तास जादा. उलट बाजूही आहे: आखातात पहिल्या महिन्यापासून घरी पैसे धाडता येतात, इंग्लंडमध्ये खोलीचं डिपॉझिट आणि थंडीचे कपडे यांतच सुरुवात जाते. घरावर कर्ज असेल तर हा फरक लहान नाही.

आखाती ऑफरमध्ये मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे वेगळं लिहून घ्यावं. यूएईत नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटी फक्त मूळ पगारावर मोजतात: पहिल्या पाच वर्षांत वर्षाला 21 दिवसांचा पगार, पुढे 30 दिवसांचा. मूळ 2,000 आणि भत्ते 3,000 अशी विभागणी त्यासाठीच केलेली असते. शिवाय 2015 पासून ईसीआर यादीतल्या, म्हणजे जायला सरकारी मंजुरी लागणाऱ्या, देशांत जाणाऱ्या नर्सला, पासपोर्ट कुठल्याही प्रकारचा असो, ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलमधून ती लागते. कोणी व्हिजिट व्हिसावर चल, तिथे बदलू म्हणालं तर तिथेच थांबावं. भारतातल्या नोंदणीकृत एजंटाची फी कायद्याने 30,000 रुपये अधिक जीएसटी इतकीच. इंग्लंडसाठी तर तिथल्या आचारसंहितेप्रमाणे नर्सकडून फी घेताच येत नाही.

जर्मनीचा रकाना मी अर्धवट सोडला. बी2 पातळीपर्यंतची जर्मन भाषा, मग पात्रतेची मान्यता, आणि ती मिळेपर्यंत सहायकाचा पगार. शिकण्याचा काळ बिनपगारी धरला तर तुलनाच वेगळी मांडावी लागते. वय कमी आणि घाई नसेल तर तो रस्ता चांगला आहे.

गोव्यात पोर्तुगीज पासपोर्टचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. त्या पासपोर्टवर युरोपीय संघातल्या देशांत वर्क परमिट लागत नाही, पण नर्सिंगची पदवी गोवा विद्यापीठाचीच राहते; स्वयंचलित मान्यता युरोपात शिकलेल्यांना, नागरिकत्वावर नाही. आयर्लंडमध्येही नोंदणी भारतीय नर्ससारखीच करावी लागते. इंग्लंडसाठी तर 2020 संपल्यावर नव्याने जाणाऱ्याला त्या पासपोर्टचा उपयोग नाही, आणि भारतीय नागरिकत्व जातं ते वेगळंच.

वॉर्डात एका नर्सकडे किती रुग्ण, हे पगारापेक्षा कमी महत्त्वाचं नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा जुना निकष शिक्षण रुग्णालयात 1:3 आणि इतरत्र 1:5. आपण प्रत्यक्षात किती सांभाळतो ते वहीत लिहावं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरियात प्रमाण कायद्याने ठरलेलं आहे, मोठ्या रुग्णालयात दिवसा 1:4 आणि रात्री 1:8. इंग्लंडमध्ये प्रौढांच्या वॉर्डाला असा कायदा नाही. म्हणून मुलाखतीत शेवटी 'काही विचारायचंय का' म्हणतात तेव्हा मी नाइटला नर्स किती, हेल्थकेअर असिस्टंट किती आणि बेड किती, एवढंच विचारायचे. उत्तर आकड्यात न देणारा वॉर्ड मी खाली ढकलला.

काँट्रॅक्टमध्ये बाँडचं कलम वाचावं: लवकर सोडलं तर काय काय परत करायचं, आणि दर महिन्याला ती रक्कम घटते का. घटत नसेल तर ते कलम सही करण्याआधीच बदलून मागावं.

कागदपत्रांत गोव्याची खास अडचण स्पेलिंगची. तेच शिरोडकर दहावीच्या दाखल्यावर एसने आणि जन्मदाखल्यावर एक्सने. नाईक, देसाई यांचंही तसंच. आखातासाठी कागदपत्रं पडताळणारी डेटाफ्लो कंपनी थेट जुन्या रुग्णालयाकडे विचारणा करते. तिथून उत्तर आलं नाही किंवा अनुभवपत्रातली तारीख एका महिन्याने चुकली की फाइल अडकते. तारखा पगाराच्या स्लिपशी जुळवून मगच अनुभवपत्र घ्यावं. पोलिस क्लिअरन्स पणजीच्या पासपोर्ट ऑफिसच्या मार्गाने मिळतं, ते सगळ्यात शेवटी काढावं. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षं चालतो. एनएमसीला लेखनात साडेसहा आणि बाकी सगळ्यात 7 लागतात. वहीतल्या ओळी भरून देश ठरला की मगच त्या परीक्षेचे पैसे भरावेत.