मेक्सिकोचा सामना, फोंदातला

१७ जून २०१८, रविवार. मॉस्कोत फुटबॉल विश्वचषकाचा सामना, जर्मनी विरुद्ध मेक्सिको, आणि आम्ही चौघे मित्र मेक्सिको सिटीच्या रोमा भागातल्या एका फोंदात. फोंदा म्हणजे आपली खानावळच. सहा टेबलं, गॅसपाशी स्वतः मालकीणबाई, कोपऱ्यात उंचावर टीव्ही. सामना तिथल्या वेळेने सकाळी दहाला होता. साडेनऊला पोचलो तर खांबाआडचं एकच टेबल उरलेलं. शेजारच्या कुटुंबातल्या आजोबांनी खुर्च्या सरकवल्या आणि आम्हाला आपल्यात बसवून घेतलं.

नाश्त्याला चिलाकिलेस मागवा. तळलेल्या तोर्तियाचे, म्हणजे मक्याच्या पोळीचे, तुकडे हिरव्या आंबट साल्सात घोळवलेले, वर क्रीम, चीज, कच्चा कांदा. मला फोडणीच्या पोळीचीच आठवण झाली. पण सामना सुरू व्हायच्या आत ऑर्डर द्या, नंतर तुमच्याकडे बघायला कुणाला सवड नसते.

३५व्या मिनिटाला मेक्सिकोचा लोसानो डावीकडून आत वळला, एकाला चकवलं आणि गोल! मालकीणबाई कलथा घेऊन तशाच बाहेर आल्या. कलथ्यावरून साल्सा फरशीवर ठिबकत होता. आजोबांनी माझा दंड धरला तो शेवटची शिट्टी होईपर्यंत सोडला नाही. १-०. गतविजेते हरले होते.

तिथून सगळे निघाले आंखेल दे ला इंदिपेन्देन्सियाकडे, म्हणजे रेफोर्मा रस्त्यावरच्या सोनेरी देवदूताच्या स्तंभाकडे. मोठा विजय मिळाला की शहर तिथेच जमतं. रविवारी सकाळी हा रस्ता सायकलवाल्यांसाठी गाड्यांना बंद असतो, त्यामुळे चालतच जा. फोन आतल्या खिशात ठेवा आणि परत कुठे भेटायचं ते आधीच ठरवा, गर्दीत चुकामूक होतेच.

अस्तेका स्टेडियम मात्र सोडू नका. १९७० आणि १९८६ अशा दोन विश्वचषकांचे अंतिम सामने इथे झाले. अर्जेंटिनाच्या माराडोनाचा १९८६मधला हाताने केलेला गोल आणि चारच मिनिटांनी अर्ध्या मैदानातून पळत जाऊन केलेला दुसरा, दोन्ही याच गवतावर. मेट्रोच्या २ नंबरच्या लाइनने तास्केन्याला उतरायचं, पुढे त्रेन लिखेरो ही छोटी गाडी थेट स्टेडियमजवळ सोडते. शहर २,२४० मीटर उंचीवर आहे. पहिल्या दिवशी जिने चढताना दम लागतो, तेव्हा तो दिवस मोकळा ठेवा. जूनमध्ये दुपारनंतर पाऊस येतो, भटकंती सकाळीच उरका. फोंदात रोख पेसो द्यावे लागतात, शिवाय दहा टक्के टिप. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही, पण निघण्यापूर्वी दूतावासाचे नियम एकदा बघून घ्या.

आजोबा एकच शब्द घोकत होते, ‘किंतो पार्तिदो’, पाचवा सामना, म्हणजे उपांत्यपूर्व फेरी. १९९४पासून प्रत्येक विश्वचषकात त्यांचा संघ चौथ्या सामन्यात बाहेर पडला होता. २ जुलैला पुन्हा चौथ्याच सामन्यात ब्राझीलने त्यांना २-०ने हरवलं तेव्हा आम्ही पुण्यात, मित्राच्या घरी, हिरवे टीशर्ट घालून बसलो होतो. सामना संपल्यावर बराच वेळ कुणी टीव्ही बंद केला नाही.