पुणे-बँकॉक : २९०० किलोमीटर, दीड तास आणि उलटा वारा

तिकिटावर छापलं होतं : पुण्याहून सुटणार रात्री ११.१०, बँकॉकला पोचणार पहाटे ४.५५. शेजारच्या सीटवरच्या काकूंनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे पावणेसहा तास! अरे, मग वाटेत भूक लागणार की." मी म्हटलं, "काकू, तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. प्रवास सव्वाचार तासांचाच." पटलं त्यांना. तरी विमान स्थिरावताच दशम्यांचा डबा उघडला, मलाही एक दिली.

लोहगाव ते सुवर्णभूमी विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे २९०० किलोमीटर. दिल्ली आपल्यापासून साधारण ११५०, म्हणजे बँकॉक अडीच दिल्ल्यांवर. ताशी ८५०च्या वेगाने हे साडेतीन तासांत उरकायला हवं. पण तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, तिथे पाळी येईपर्यंत थांबा. मग चढण, उतरण, बँकॉकच्या आकाशातली रांग.

आणि वारा! ऑगस्टमध्ये आपल्याला भिजवणारा वारा नैर्ऋत्येकडून येतो हे शाळेतलं पोर सांगेल. पण विमानं उडतात त्या दहा-बारा किलोमीटर उंचीवर दक्षिण भारतावर पावसाळ्यात नेमका उलटा, पूर्वेकडून वारा असतो, आणि आणखी वर गेलं की त्याचा जोर वाढत जातो. या पूर्वेकडच्या झोतवाऱ्याचा अभ्यास १९५०च्या दशकात पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने मांडला. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसवरून, म्हणजे पुण्याच्या वेधशाळेवरून, इतकी वर्षं जा-ये करतोय, पण वेधशाळेचा संबंध मी फक्त छत्रीशी जोडत आलो. तर, पूर्वेला निघालेलं आमचं विमान बंगालच्या उपसागरावर या वाऱ्याला तोंड देत चाललं होतं.

उतरलो तेव्हा अंधारच होता. साडेपाचला शहराकडे जाणारी रेल्वे सुरू झाली आणि अर्ध्या तासात फाया थाईला सोडलंही. लोहगावहून कोथरूडला असं पोचवणारं काही निघेल तो सुदिन.

एक गंमत संध्याकाळी कळली. पुण्यात ऑगस्टात सात वाजता चांगला उजेड असतो, तिथे पावणेसातलाच दिवे लागले. दोन शहरांत सुमारे २७ रेखांशांचं अंतर आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने जवळजवळ पावणेदोन तास. घड्याळं मात्र दीडच तास मानतात. उरलेली मिनिटं अशी संध्याकाळी वसूल होतात.

परतताना विमानतळावर समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे, वासुकीला धरून ओढणारे देव-दानव. त्यापाशी रेंगाळूनच गेटवर गेलो. येताना वारा पाठीशी, त्यामुळे जातानापेक्षा लवकर टेकलो. हिवाळ्यात हे सगळं उलटं होतं : वरचा वारा पश्चिमेचा, जाणारा लवकर पोचतो आणि येणारा रखडतो. तिकिटाचे दर मात्र वारा पाहून ठरत नाहीत. डिसेंबरात ते दोन्ही दिशांना चढेच.